साठ मिनिटं, चाळीस प्रश्न आणि एक ओली मूर्ती



थर्ड इयर संपत आलं की होस्टेलवर सरळ तीन गट पडतात. एक गेटवाल्यांचा, दुसरा कॅम्पसवाल्यांचा आणि तिसरा 'बाहेर' जाणाऱ्यांचा. तिसऱ्या गटाच्या टेबलांवर आयईएलटीएसची झेरॉक्स पुस्तकं दिसायला लागतात. कोणी आरशासमोर उभं राहून स्पीकिंगचा सराव करतं, कोणी रायटिंगसाठी 'फायदे-तोटे' छापाचे निबंध घोटतं, कोणी कानाला हेडफोन लावून मेसच्या रांगेतसुद्धा लिसनिंग ऐकत असतं. रीडिंगकडे मात्र कोणी बघत नाही. वाचायचंच तर आहे, चार वर्षं सगळी पुस्तकं इंग्रजीतूनच वाचली ना, असा आपला हिशेब. आणि निकाल आला की बँड नेमका तिथेच अडकलेला असतो. विचारलं तर एकच उत्तर येतं, "अरे पेपर अवघड नव्हता, वेळच पुरला नाही."

हा लेख त्या 'वेळच पुरला नाही' बद्दल आहे. वेळ खरंच कमी असतो का, असेल तर जातो कुठे, आणि तो कसा वाचवायचा, एवढंच पाहू. शब्दसंग्रह वाढवा, रोज इंग्रजी पेपर वाचा, वगैरे सल्ले सगळेच देतात. ते बरोबर आहेत, पण परीक्षा पुढच्या महिन्यात असेल तर त्यांचा फारसा उपयोग नाही.

आधी एवढा आटापिटा कशासाठी ते बघू. आयईएलटीएसमध्ये लिसनिंग, रीडिंग, रायटिंग आणि स्पीकिंग असे चार भाग, प्रत्येकाला ० ते ९ बँड, आणि चौघांची सरासरी जवळच्या अर्ध्या बँडला नेऊन ठेवतात. समजा एखाद्याला लिसनिंगला ६.५, रायटिंगला ६, स्पीकिंगला ६.५ आणि रीडिंगला ५.५ मिळाले. बेरीज २४.५, सरासरी ६.१२५, म्हणजे निकाल ६. आता फक्त रीडिंगमध्ये ५.५ च्या जागी ६ आले असते तर? बेरीज २५, सरासरी ६.२५, निकाल ६.५. बऱ्याच विद्यापीठांची मास्टर्सची अट ६.५ ची असते. म्हणजे ऑफर लेटर हातात असूनही पोरगं रीडिंगच्या अर्ध्या बँडसाठी घरी बसू शकतं.

हा अर्धा बँड किती मार्कांचा? अॅकॅडमिक रीडिंगमध्ये ४० पैकी साधारण १५ बरोबर आले तर बँड ५, २३ ला ६, ३० ला ७ आणि ३५ ला ८. पेपरच्या काठिण्यानुसार एखाददुसरा मार्क इकडेतिकडे होतो. म्हणजे पूर्ण बँडला पाच ते आठ मार्क, अर्ध्याला साधारण तीनचार. वेळ संपल्यामुळे शेवटचे चार प्रश्न कोरे राहिले, तर तो अर्धा बँड तिथेच गेला. आणि परत बसायचं म्हटलं तर फी सतरा-अठरा हजारांच्या घरात. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी हा आकडा सांगताना घसा कोरडा पडतो. २०२३ पासून आपल्याकडे चारपैकी एकच भाग पुन्हा देण्याची सोय झाली आहे, संगणकावर परीक्षा दिली असेल तर आणि ६० दिवसांच्या आत. पण तिची वेगळी फी आहेच, आणि तो निकाल सगळीच विद्यापीठं मानतात असं नाही. भरण्यापूर्वी विद्यापीठाला विचारून घ्यावं.

आता मुख्य हिशेब. हा मांडायला कुठला फॉर्म्युला लागत नाही.

रीडिंगचा वेळ ६० मिनिटं. तीन उतारे, ४० प्रश्न. तिन्ही उताऱ्यांचे मिळून शब्द २१५० ते २७५० च्या दरम्यान. मध्यावर २५०० धरू. आता वाचण्याचा वेग. मराठी माध्यमातून आलेला, इंग्रजी सावकाश वाचणारा मुलगा घ्या. मिनिटाला १२५ शब्द, म्हणजे अगदी निवांत. २५०० भागिले १२५, बरोबर २० मिनिटं. तिन्ही उतारे पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकदा वाचून झाले आणि घड्याळात अजून ४० मिनिटं शिल्लक आहेत. प्रश्न ४०. प्रत्येकाला एक मिनिट.

हे मी होस्टेलवर ज्याला ज्याला सांगितलं त्याने आधी विश्वास ठेवला नाही, मग मोबाईलवर गणित करून पाहिलं. गणित बरोबरच आहे. म्हणजे 'मी हळू वाचतो म्हणून वेळ पुरत नाही' ही तक्रार बहुतेकांच्या बाबतीत खरी नाही. वाचायला वेळ जात नाही. वेळ जातो तो तेच पुन्हापुन्हा वाचण्यात, आणि एकाच प्रश्नाशी कुस्ती खेळण्यात.

पुन्हापुन्हा का वाचतो? याचं एक कारण आपल्या भाषेत आहे. एक वाक्य घ्या: 'द पॉट्स दॅट वेअर फाउंड निअर द रिव्हर इन १९२२ वेअर मेड बाय विमेन.' इंग्रजी वाचणारा हे डावीकडून उजवीकडे एका दमात वाचतो. आपण मनातल्या मनात त्याचं मराठी करतो: '१९२२ साली नदीजवळ जी भांडी सापडली ती बायकांनी बनवलेली होती.' नीट बघा, मराठी वाक्य बनवायला डोळा आधी १९२२ वर जातो, मग मागे नदीवर, मग आणखी मागे 'फाउंड'वर, मग सुरुवातीच्या भांड्यांवर, आणि तिथून उडी मारून शेवटच्या 'बायकां'वर, नि पुन्हा मागे क्रियापदावर. मराठीत विशेषणाचं वाक्य नामाच्या आधी येतं आणि क्रियापद शेवटी, इंग्रजीत उलट. त्यामुळे भाषांतर करत वाचणाऱ्याचा डोळा प्रत्येक लांब वाक्यात एसटी डेपोतल्या गाडीसारखा पुढेमागे होत राहतो. एक उतारा दोनतीन वेळा वाचल्याइतका वेळ त्यातच जातो.

यावर उपाय म्हणजे भाषांतर थांबवणं. सांगायला सोपं, पण सवय जायला वेळ लागतो. एक युक्ती कामाला येते. वाचताना पेन्सिलचं टोक किंवा माउसचा बाण ओळीखालून पुढे पुढे सरकवत न्यायचा, आणि मागे आणायचा नाही. वाक्य अर्धवट कळलं तरी पुढे जायचं. सुरुवातीचे चारपाच दिवस काहीच कळत नाही असं वाटतं. मग लक्षात येतं की पुढचं वाक्य बऱ्याचदा मागच्याचा अर्थ सांगून जातं. आपण लॅबच्या मॅन्युअल किंवा डेटाशीट वाचताना भाषांतर करत नाही, तिथे सरळ इंग्रजीतच डोक्यात जातं. तीच सवय इथे आणायची आहे.

दुसरी गोष्ट कुस्तीची. यासाठी थोडं माझ्या गावाला यावं लागेल.

मी जोह्याचा. पेण तालुक्यात, हमरापूरच्या शेजारी. दिवा-रोहा लाइनवर हमरापूर स्टेशन आहे. पेणचे गणपती म्हणून ज्या मूर्ती मुंबई-पुण्यापासून पार अमेरिका-ऑस्ट्रेलियापर्यंत जातात, त्यातल्या पुष्कळ हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या पट्ट्यातल्या कारखान्यांत घडतात. आमच्याकडे कारखाना म्हणजे मशिनं नव्हेत. पत्र्याची किंवा ताडपत्रीची लांबलचक शेड, फळ्यांवर रांगेने मूर्ती, आणि घरची माणसं नि कामगार खाली बसून काम करतायत.

या धंद्याची गंमत अशी की डेडलाइन कोणालाही हलवता येत नाही. २०२४ ची गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ ची २७ ऑगस्टला. म्हणजे एका वर्षात अकरा दिवस अलीकडे सरकली. कारखानदार काय करणार, कोणाकडे एक्स्टेंशन मागणार? सबमिशनला सरांना दोन दिवस मागता येतात, बाप्पाला नाही. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर समुद्रमार्गे जायच्या म्हणून कित्येक महिने आधीच निघतात. त्यामुळे मूर्तिकाराइतकं वेळेचं गणित कळणारा माणूस मला तरी दुसरा ठाऊक नाही.

आणि तो काय करतो? पहिली गोष्ट, एक मूर्ती हातात घेऊन ती साच्यापासून डोळ्यांपर्यंत पूर्ण करून मग दुसरी, असं कधीच करत नाही. सगळ्या मूर्तींचं साच्याचं काम, मग सगळ्यांची साफसफाई, पॉलिश पेपर मारणं, मग अंगाचा रंग, मग पितांबर, दागिने आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. ती कसबी हाताचीच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पावसाळ्यात एखादी मूर्ती ओली राहिली, वाळलीच नाही, तर तिला रंग लावता येत नाही. शाडूच्या मूर्तीचं तर हे नेहमीचं. अशा वेळी मूर्तिकार तिच्यासमोर बसून फुंकर मारत राहत नाही. तिला बाजूला फळीवर ठेवतो, पंख्याखाली, आणि पुढची हातात घेतो. ती विसरलेली नसते. कुठल्या फळीवर कितवी, हे त्याला पक्कं माहीत असतं. वाळली की परत हातात.

रीडिंगच्या पेपरात प्रत्येक प्रश्नाला एकच मार्क आहे. सोपा असो, अवघड असो, एकच. तीस सेकंदांत सुटलेल्या प्रश्नाचा एक, आणि सहा मिनिटं झुंजून सुटलेल्या प्रश्नाचाही एकच. त्या सहा मिनिटांत आपल्या हिशेबाप्रमाणे सहा प्रश्नांचा वेळ गेला. आपण इंजिनिअरिंगवाले यात हमखास सापडतो, कारण आपल्याला सम अर्धवट सोडवत नाही. उत्तर आल्याशिवाय पुढे गेलो तर चैन पडत नाही. हा गुण डिझाइनच्या पेपरला चांगला, इथे घात करतो.

म्हणून एक मर्यादा ठरवून टाका: दीड मिनिट. दीड मिनिटात प्रश्न सुटला नाही, तर ती ओली मूर्ती. जे उत्तर सगळ्यात बरं वाटतंय ते भरून टाका, खूण करा आणि पुढे चला. संगणकावरच्या परीक्षेत प्रश्नावर खूण ठेवता येते आणि खाली सगळ्या प्रश्नांचे नंबर दिसत राहतात, त्यामुळे परत येणं सोपं. कोरं मात्र ठेवू नका. आयईएलटीएसमध्ये चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. गेटची सवय लागलेली मुलं इथे विनाकारण जागा सोडतात. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून आपण एकही प्रश्न सोडत नाही, तसंच इथे.

आता ६० मिनिटांची वाटणी. क्लासमध्ये सरसकट सांगतात, प्रत्येक उताऱ्याला २० मिनिटं. मला हे पटत नाही. तीन उतारे सारखे नसतात, साधारणपणे पुढचा पुढचा कठीण होत जातो. पहिल्याला २० मिनिटं दिली तर तो आरामात सोडवला जातो आणि तिसऱ्याला धावपळ होते. शिवाय २० त्रिक ६० मध्ये मागे वळून बघायला वेळच नाही. माझं वेळापत्रक असं: पहिला उतारा १६ मिनिटांत, दुसरा १९ मिनिटांत, तिसरा २२ मिनिटांत, आणि शेवटची ३ मिनिटं बाजूला ठेवलेल्या मूर्तींसाठी. म्हणजे घड्याळात १६, ३५ आणि ५७ हे तीनच आकडे लक्षात ठेवायचे. १६ वा मिनिट झाला की पहिल्या उताऱ्याचे दोन प्रश्न राहिले असले तरी बाहेर पडायचं. मनगटी घड्याळ आत नेता येत नाही, वेळ स्क्रीनवर किंवा भिंतीवर बघावा लागतो. संगणकावर बहुधा उरलेला वेळ दिसतो, तेव्हा हेच आकडे उलटे करून ठेवा: ४४, २५ आणि ३.

आणखी एक गोष्ट, यात नवे लोक फसतात. लिसनिंगची परीक्षा कागदावर असते तेव्हा उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला वेगळी १० मिनिटं मिळतात. रीडिंगला तशी सवलत नाही. ६० मिनिटांत उत्तरं जागेवर गेलेली हवीत. पेपरवर देणाऱ्याने उत्तर सापडलं की तेव्हाच उत्तरपत्रिकेत लिहावं.

प्रश्नांच्या प्रकारांकडे येऊ. सगळे प्रकार सांगत बसत नाही, पुस्तकात आहेत. ज्यात वेळ सांडतो तेवढेच घेतो. त्यातला पहिला मान 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन'चा. आपण शाळेपासून 'चूक की बरोबर' सोडवत आलो, तिथे दोनच पर्याय. इथे तिसरा आहे, आणि तो पटत नाही म्हणून आपण उतारा खालीवर तीनदा शोधतो. हे मराठीत करून बघू. समजा उतारा असा आहे:

'जोहे आणि हमरापूर परिसरात मूर्ती बनवण्याचे काम वर्षभर चालते. येथील बऱ्याच मूर्ती रंग न देता, कच्च्या स्वरूपात इतर गावांतील कारखान्यांकडे जातात आणि तिथे रंगवल्या जातात.'

आता तीन विधानं. एक, 'या परिसरात मूर्तिकाम केवळ पावसाळ्यात होते.' उतारा म्हणतो वर्षभर, म्हणजे फॉल्स. दोन, 'येथे घडलेल्या काही मूर्तींना रंग दुसरीकडे दिला जातो.' ट्रू. तीन, 'रंगवलेल्या मूर्तीला कच्च्या मूर्तीपेक्षा जास्त भाव मिळतो.' आता माझ्या गावचं लहान पोरगंसुद्धा सांगेल की हे खरं आहे. मीही सांगेन. पण उताऱ्यात भावाबद्दल अक्षर नाही. उत्तर, नॉट गिव्हन.

म्हणजे ज्याला विषय माहीत आहे तोच इथे जास्त अडकतो. इंजिनवरचा उतारा आला की मेकॅनिकलवाला खूश होतो आणि स्वतःच्या ज्ञानातून उत्तरं देतो. उतारे मासिकं, पुस्तकं, वर्तमानपत्रांतून घेतलेले असतात आणि ते सोडवायला त्या विषयाचं ज्ञान लागत नाही, लागू नये अशीच योजना असते. फॉल्स आणि नॉट गिव्हनमधला फरक मी एकाच प्रश्नाने करतो: हे विधान खोटं ठरवणारं वाक्य मी बोटाने दाखवू शकतो का? दाखवता आलं तर फॉल्स. नाही आलं तर नॉट गिव्हन, आणि विषय संपला. शोधत बसायचं नाही. या प्रकारातले प्रश्न उताऱ्याच्या क्रमाने येतात हेही लक्षात ठेवा. चौथ्याचं उत्तर दुसऱ्या परिच्छेदात आणि सहाव्याचं तिसऱ्या परिच्छेदात मिळालं असेल, तर पाचव्यासाठी त्या दोहोंच्या मधलाच भाग बघायचा. तिथे नसेल तर नॉट गिव्हन. क्रम माहीत असला की शोधायची जागा चारपाच ओळींवर येते.

याच्या उलट 'ही माहिती कोणत्या परिच्छेदात आहे' हा प्रकार. हा क्रमाने येत नाही आणि हाच सगळ्यात जास्त वेळ खातो. म्हणून तो त्या उताऱ्यात सगळ्यात शेवटी घ्या, मग छापलेला पहिला का असेना. बाकीचे प्रश्न सोडवताना उतारा तुमच्या ओळखीचा झालेला असतो, 'अरे हे तर मधमाश्यांच्या परिच्छेदात होतं' असं आपोआप आठवतं. मूर्तिकार डोळे शेवटी काढतो तसंच हे. परिच्छेदांना शीर्षकं द्यायचा प्रकार मात्र मी आधी घेतो, कारण त्या निमित्ताने प्रत्येक परिच्छेद कशाबद्दल आहे हे एकदा कळतं. काही जण तोही शेवटी घेतात. दोन्ही करून बघा, जे जमेल ते ठेवा. शीर्षकं परिच्छेदांपेक्षा जास्त दिलेली असतात, त्यामुळे उरलेलं शेवटचं शीर्षक शेवटच्या परिच्छेदाला चिकटवून मोकळं होता येत नाही.

गाळलेल्या जागा भरताना सूचना वाचा. 'नो मोअर दॅन टू वर्ड्स' लिहिलं असेल आणि तुम्ही तीन शब्द लिहिले, तर उत्तर बरोबर असूनही शून्य. स्पेलिंग चुकलं तरी शून्य. शब्द उताऱ्यातच असतो, बघून उतरवायचा आहे, तरी स्पेलिंग चुकतं. याला वेळ कमी असण्याचं कारण देता येत नाही.

आणि बहुतेक सगळ्या प्रकारांत प्रश्नातला शब्द जसाच्या तसा उताऱ्यात सापडत नाही. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, तिथलं वाक्य उचलायचं, दोन मार्क खिशात, ही आपली जुनी ट्रिक. इथे प्रश्नात 'चिल्ड्रन' असेल तर उताऱ्यात 'द यंग' असेल. म्हणून शोधायचं ते बदलता न येणाऱ्या गोष्टींवरून: माणसांची नावं, गावं, सन, आकडे. हे कसेही लिहिले तरी फारसे बदलत नाहीत आणि कॅपिटल अक्षरांमुळे पानावर पटकन दिसतात.

आता शेवटच्या तीन मिनिटांचं गणित, प्रोबॅबिलिटीचं. समजा सहा प्रश्न खरोखरच राहिले आणि वेळ संपत आला. ट्रू-फॉल्स-नॉट गिव्हनमध्ये डोळे मिटून खूण केली तरी तीनातली एक शक्यता, म्हणजे सहात सरासरी दोन मार्क. चार पर्यायांच्या प्रश्नात चारातली एक. शीर्षकांत दहातली एखादी. गाळलेल्या जागेत जवळपास शून्य. मग तीन मिनिटं कुठे खर्च करायची? ट्रू-फॉल्स आणि पर्यायांवर दहा सेकंदांत खुणा करून टाका, आणि उरलेला वेळ गाळलेल्या जागांना द्या, कारण तिथे शोधल्याशिवाय काही मिळत नाही. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

टोफेल देणाऱ्यांसाठी थोडंसं. होस्टेलवर पिढ्यान्‌पिढ्या फिरणारी टोफेलची जुनी जाडजूड पुस्तकं वेळेच्या सरावासाठी वापरू नका. टोफेलचं रीडिंग जुलै २०२३ मध्ये दोन उतारे, २० प्रश्न आणि ३५ मिनिटांवर आलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये परीक्षेचं स्वरूप पुन्हा बदललं. उतारे वाचायला जुनी पुस्तकं ठीक, घड्याळ मात्र ताज्या अधिकृत सराव चाचणीचंच लावा. ड्युओलिंगोच्या परीक्षेत घड्याळाची रचना वेगळी असते, त्यामुळे वरची वाटणी तिथे लागू नाही. आयईएलटीएसच्या रीडिंगचा ढाचा मात्र तीन उतारे, ४० प्रश्न, एक तास असाच राहिला आहे, म्हणून केंब्रिजची मागच्या वर्षांची सरावपुस्तकंही चालतात.

सराव कसा करायचा? पेपरावर पेपर सोडवून मार्क मोजत बसणं हा सराव नव्हे. एक पेपर सोडवताना प्रत्येक उत्तराच्या बाजूला तेव्हाचं मिनिट पेन्सिलने लिहा. पाच सेकंद लागतात. नंतर तो कागद बघा. कुठल्या दोन आकड्यांमध्ये दीड मिनिटापेक्षा जास्त अंतर पडलंय, आणि त्या प्रश्नाचं उत्तर शेवटी बरोबर आलं का? आमच्या विंगमधल्या एका मित्राचा कागद मी पाहिला. तेराव्या प्रश्नापाशी १४, चौदाव्यापाशी २१. सात मिनिटं, आणि उत्तर चुकलेलं. चाळीसपैकी शेवटचे पाच कोरे. त्या पाचांतले चार त्याने नंतर चहा पीत बसल्याबसल्या बरोबर सांगितले. त्याला शब्दांची यादी पाठ करायची काहीच गरज नव्हती.

सराव खोलीत करू नका. एकाला शांतता हवी असते तेव्हाच दुसऱ्याला गाणी हवी असतात. रीडिंग रूममध्ये सकाळी सहा ते सात ही वेळ चांगली, भिंतीवर मोठं घड्याळ आहे आणि झाडूवाल्या मावशींशिवाय कोणी येत नाही. परीक्षेत लिसनिंग, रीडिंग आणि रायटिंग लागोपाठ असतात, मध्ये सुट्टी नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी आधी अर्धा तास लिसनिंग करून लगेच रीडिंग सोडवा. ताज्या डोक्याने आणि थकलेल्या डोक्याने लिहिलेल्या मिनिटांच्या आकड्यांत फरक दिसेल. तोच फरक परीक्षेत तिसऱ्या उताऱ्यावर निघतो.

फॉर्म भरण्यापूर्वी पासपोर्ट काढून ठेवा. परीक्षेला ओळखपत्र म्हणून तोच लागतो, कॉलेजचं आयकार्ड चालत नाही. आणि रीडिंग रूमच्या कपाटातली केंब्रिजची पुस्तकं घेताना पानं उघडून बघा. आधीच्या बॅचने उत्तरं पेन्सिलने लिहून ठेवली आहेत, ती खोडून मगच घड्याळ लावा. काही चुकीचीही आहेत.